पंडिता रमाबाई : निराधार मुलींची आई

पंडिता रमाबाईंना आपण महाराष्ट्राच्या म्हणून ओळखतो. पण त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. म्हणून आम्हा सीमाभागातील विद्यार्थ्यांना त्या दोन्हीकडच्या वाटतात.

आईवडिलांनी त्यांना संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील व थोरली बहीण दगावली. भावासह पायी हिंडत १८७८ साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. १८८२ साली पती वारले. पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून पुष्कळ टीका झाली. तरी १८८९ साली मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ काढले.

१८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. पालक नसलेल्या मुली वाईट लोकांच्या हाती लागतात, हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना केडगावी आणले. आधी अन्न, औषध व स्वच्छता, मग अक्षरओळख, मग शेती, विणकाम, छपाई असा तेथील क्रम होता. आमच्या गुलबर्ग्यातही त्यांनी शाळा काढली. १९२२ साली त्या निवर्तल्या.

२०१५ च्या कायद्यानुसार निराधार मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्याच्या घरची चौकशी होते व पुनर्वसनाची योजना ठरते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला वाटते, नुसती भाकरी देऊन हे खाते बंद होत नाही. मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत ते चालू ठेवावे लागते. रमाबाईंनी ते आयुष्यभर चालू ठेवले.