चितळकर आणि सी. रामचंद्र

खरवईंत लग्नाची वरात निघाली म्हणजे बँडवाले ‘अलबेला’ची चाल हटकून धरतात आणि म्हातारेकोतारेही मानेनें ताल देऊं लागतात. ती चाल बांधणारे सी. रामचंद्र आणि ती गाणारे चितळकर हे एकच गृहस्थ, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजीं नगर जिल्ह्यांतील पुणतांबें येथें झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांपाशीं त्यांनीं रागदारीचे धडे घेतले. ओढ मात्र नट होण्याची. ‘नागानंद’ चित्रपटांत नायकाचें काम मिळालें, पण चित्रपट पडला. मग पोटासाठीं त्यांनीं मिनर्व्हा मूव्हीटोनमध्यें पेटी धरली, आणि ती पेटीच त्यांस फळली.

त्या काळीं मुंबईच्या बड्या हॉटेलांतून गोमंतकीय वादक अमेरिकेचें जॅझ वाजवीत असत. त्यांपैकीं हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट रामचंद्रांचे साहाय्यक झाले. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधि’ (१९५०) व ‘अलबेला’ (१९५१) यांतील गाण्यांत जॅझची लय आणि आपल्याकडील ठेका अशा बेमालूमपणें मिसळल्या कीं, सांधा कोठें आहे तें सांपडत नाहीं. चितळकरांचा आवाज कांहीं मोठ्या गवयाचा नव्हे. बोलतां बोलतां गाणें सुरू व्हावें, तसा तो आहे. आमच्या मतें त्याची गोडी यांतच आहे.

अशा गाण्यांस उथळ म्हणणारे तेव्हांही होते. त्यांनीं ‘अनारकली’ (१९५३) ऐकावा. तेथें भीमपलासानें हेंच संगीतकार श्रोत्यांचे डोळे ओले करितात. ‘आझाद’मधील (१९५५) युगुलगीतांत दिलीपकुमारांसाठीं ते स्वतः गायले, तो आवाज तलत महमूदांचा, असें पुष्कळांस वाटलें. आम्हीही त्यांतलेच! पुढें १९५७ सालीं ‘आशा’मध्यें किशोरकुमारांकडून त्यांनीं ‘ईना मीना डीका’ गाववून घेतलें.

मध्यंतरीं लताबाईंचें व त्यांचें बिनसलें, आणि कांहीं वर्षें दोघांचें गाणें एकत्र आलें नाहीं. चीनच्या युद्धानंतर कवि प्रदीप यांच्या गीतास त्यांनीं चाल दिली. २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत, पंडित नेहरूंच्या समोर, तें लताबाईंनींच गायलें.

५ जानेवारी १९८२ रोजीं रामचंद्र वारले. ‘घरकुल’ (१९७०) चित्रपटांतील त्यांचें बालगीत पाश्चात्य डौलाचें आहे, पण म्हणणाऱ्या मुलांस त्याची दादही नसते.