घरच्याच सरकारला हिशेब विचारणारा खासदार

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, कपाटाच्या चोरकप्प्यात किंवा आजोबांच्या जुन्या ट्रंकेत, आयुर्विम्याची एखादी तरी पॉलिसी जपून ठेवलेली असते. पोटाला चिमटा काढून हप्ता भरायचा, पावती फाइलला लावायची आणि निर्धास्त व्हायचे, ही मध्यमवर्गाची जुनी रीत. त्या पैशाचे पुढे कोण काय करतो, हे विचारण्याचे आपल्या मनात सहसा येत नाही. १९५७ साली लोकसभेत तो प्रश्न लावून धरणारा एक खासदार होता. तो सत्ताधारी पक्षाचाच होता आणि खुद्द पंतप्रधानांचा जावई होता. त्याचे नाव फिरोज गांधी.

फिरोज मूळचे मुंबईकर. १२ सप्टेंबर १९१२ रोजी कोटातल्या पारशी इस्पितळात त्यांचा जन्म झाला. जहांगीर आणि रतिमाई यांच्या पाच मुलांतले ते धाकटे. बालपण खेतवाडीत गेले. वडील लवकर वारले आणि आईबरोबर फिरोज अलाहाबादला मावशीकडे राहायला गेले. मावशी तिथल्या लेडी डफरिन इस्पितळात शल्यविशारद होत्या. मुंबईच्या या पारशी मुलाचे आयुष्य नेहरूंच्या गावाशी जोडले गेले ते असे.

१९३० साली कॉलेजबाहेर निदर्शने करणाऱ्या कमला नेहरूंना उन्हात भोवळ आली, तेव्हा मदतीला धावलेल्या विद्यार्थ्यांत फिरोज होते. पाठोपाठ त्यांनी कॉलेज सोडले आणि तुरुंगवास पत्करला. पुढे लंडनला शिक्षण, १९४२ च्या मार्चमध्ये इंदिरा नेहरूंशी विवाह आणि त्याच वर्षी ‘चले जाव’ चळवळीत दोघांनाही कैद. स्वातंत्र्यानंतर ‘नॅशनल हेराल्ड’ या दैनिकाची व्यवस्था त्यांनी पाहिली. वर्तमानपत्र कसे चालते आणि कशाला भिते, हे त्यांना तिथे जवळून दिसले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रायबरेलीहून लोकसभेवर निवडून आले.

आपला खासदार काय करतो हे पाहायचे तर तीन रकाने तपासावेत, असे सांगितले जाते. सभागृहात बोलला किती, प्रश्न किती विचारले आणि मत कोणत्या बाजूला दिले. हे रकाने घेऊन कोणी १९५५ च्या मध्यावर फिरोज गांधींचे प्रगतिपुस्तक भरले असते, तर शेरा फार बरा मिळाला नसता. पहिली तीन वर्षे ते मागच्या बाकावर बसून राहिले, बोलले फारच थोडे. मताच्या रकान्यातून तर बहुधा काहीच कळले नसते. लोकसभेत पुष्कळसे निर्णय आवाजी मतदानाने होतात, त्यात कोण ‘होय’ म्हणाला आणि कोण ‘नाही’ याची नावनिशीवार नोंद राहत नाही. मतविभागणी मागितली गेली तरच नावे कागदावर येतात, आणि तिथेही पक्षाचा माणूस पक्षाच्या आदेशाप्रमाणे मत देतो.

पण गप्प बसलेला हा माणूस रिकामा बसलेला नव्हता. कंपन्यांचे ताळेबंद, अहवाल आणि भागभांडवलाच्या नोंदी तो चाळत होता. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचा एक कोपरा ठरलेला असे. तिथे पत्रकार आणि इतर खासदार जमत, गप्पा रंगत आणि माहितीही हाती येई. घरी लाकूडकाम आणि बागकाम यांत रमणाऱ्या फिरोजना एखादी वस्तू खोलून आत काय आहे ते पाहण्याची मुळातच हौस होती.

डिसेंबर १९५५ मध्ये ते विमा दुरुस्ती विधेयकावर बोलायला उठले. रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यातल्या भारत इन्शुरन्स कंपनीत विमेदारांचा पैसा मालकाच्या इतर धंद्यांसाठी कसा फिरवला गेला, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. आरडाओरडा नव्हता, कागदामागून कागद येत गेला. पुढे त्या प्रकरणात दालमियांना शिक्षा झाली. भाषणानंतर दीड महिन्याच्या आत, १९ जानेवारी १९५६ रोजी, सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार आपल्या हाती घेतला. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. दोनशे पंचेचाळीस विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. राष्ट्रीयीकरणाचे श्रेय एकट्या भाषणाला देता येणार नाही, पण त्यामागच्या कारणांत त्या भाषणाचा वाटा मोठा होता.

त्याच वर्षी फिरोजनी आणखी एक काम केले, आणि ते आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. सभागृहात बोललेल्या शब्दांबद्दल खासदारावर खटला भरता येत नाही. हे संरक्षण राज्यघटनेने दिले होते. परंतु तेच शब्द छापणाऱ्या वर्तमानपत्राला तसे कायदेशीर कवच नव्हते. भाषण झाले तरी छापताना संपादकाला अब्रुनुकसानीच्या दाव्याची धास्ती. मग रायबरेलीच्या मतदाराला आपला प्रतिनिधी काय बोलला ते कळणार कसे? फिरोजनी अशासकीय विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. संसदेच्या कामकाजाचा खरा आणि द्वेषबुद्धी नसलेला वृत्तान्त छापण्याला त्याने संरक्षण दिले. मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले विधेयक मंजूर होणे ही आपल्या संसदेत फार दुर्मीळ गोष्ट.

त्यानंतर आले मुंध्रा प्रकरण. जून १९५७ मध्ये नव्या महामंडळाने कलकत्त्याचे व्यावसायिक हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही गेले नव्हते. सभागृहात प्रश्न आले तेव्हा उत्तरे मोघम मिळाली. फिरोजनी पिच्छा सोडला नाही. १६ डिसेंबरला त्यांनी तारखा आणि भाव जुळवून सगळा व्यवहार लोकसभेपुढे उलगडला.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. एम. सी. छागला यांची चौकशीसाठी नेमणूक झाली. सुनावणी मुंबईत आणि उघड झाली. गर्दी इतकी लोटली, की बाहेरच्यांना ऐकू यावे म्हणून ध्वनिवर्धक लावावे लागले. काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९५८ मध्ये, अहवाल आला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. मुंध्रा तुरुंगात गेले.

या सगळ्याची घरात काय किंमत मोजावी लागली असेल, याची कल्पनाच करावी. कृष्णम्माचारी हे पंतप्रधानांच्या विश्वासातले मंत्री. पत्नी वडिलांच्या घरी, तीन मूर्ती भवनात. फिरोज खासदारांच्या निवासस्थानी वेगळे. तरीही त्यांनी हात आखडता घेतला नाही. पुढे टेल्को रेल्वेला विकत असलेल्या इंजिनांच्या किमतींवरही ते तुटून पडले. टाटांसारख्या नामवंत पारशी घराण्याची कंपनी म्हणून तिला सूट मिळाली नाही.

हृदयविकाराने ते आधीच खचले होते. ८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळीस पुरी व्हायला चार दिवस उरले होते.

गोष्ट इथेच संपत नाही. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढून फिरोजचा तो १९५६ चा कायदा रद्द केला. पतीने उघडलेले दार पत्नीच्या राजवटीत बंद झाले. जनता सरकारने १९७७ मध्ये तो कायदा पुन्हा आणला आणि पाठोपाठ चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या संरक्षणाला राज्यघटनेतच जागा मिळाली. आता ते साध्या कायद्याने काढून घेता येत नाही.

आज खासदाराची उपस्थिती, प्रश्न, भाषणे हे सारे घरबसल्या पाहता येते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत देणे तर सदस्यत्वावर बेतणारे झाले आहे. त्यामुळे मताचा रकाना आणखीच मुका झाला. उरतात प्रश्न आणि भाषणे. त्यांची नुसती संख्या मोजून भागणार नाही, ती वाचावी लागतील. प्रश्न कोणाच्या पैशाविषयी होता? मोघम उत्तर मिळाल्यावर सदस्य खाली बसला, की पुन्हा उभा राहिला?

पुढचा हप्ता भरताना खेतवाडीच्या त्या मुलाची आठवण ठेवावी. आणि जमले तर त्याच संध्याकाळी आपल्या खासदाराचे एखादे भाषण काढून वाचावे.