टिळकांकडे ग्लुकोमीटर नव्हता

आम्ही शिरूरला राहतो आणि माझे मामा दौंडला. गेल्या दिवाळीत मामांनी शुगरच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. कारण काय, तर मोबाइल ॲपमध्ये सकाळची शुगर आठवडाभर नॉर्मल दिसली! मी वाद घातला नाही. लोकमान्य टिळकांची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. केसरी, गणेशोत्सव, स्वराज्य हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यांना मधुमेह होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. २२ जुलै १९०८ ला त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी ते ५२ वर्षांचे झाले. पुढे रवानगी ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात.

आता विचार करा. तेव्हा इन्सुलिन नाही, मधुमेहाची गोळी नाही, घरी शुगर मोजायचं यंत्र नाही. लघवी रसायनात उकळायची आणि रंगावरून साखर ओळखायची, एवढीच तपासणी. उपाय एकच, पथ्य. टिळकांनी ते तुरुंगातही पाळलं आणि तिथेच पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं.

जून १९१४ मध्ये सुटका झाली. बोटीने मद्रासला आणि तिथून रेल्वेने पुण्याकडे. मद्रासकडून पुण्याला येणारी लाईन दौंडवरूनच येते, हे ऐकून मामा जरा सावरून बसले.

पुढची सहा वर्षं टिळक थांबले नाहीत. होमरूल चळवळ, सभा, इंग्लंडचा प्रवास. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत तापाच्या आजारपणात ते गेले. त्यानंतर अवघ्या दीड वर्षात, ११ जानेवारी १९२२ ला, टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. ते वेळेत असतं तर टिळक वाचले असते, असं म्हणता येणार नाही. पण त्यांच्याकडे तो पर्यायच नव्हता.

आपल्याकडे काय काय आहे बघा. मेटफॉर्मिनसारख्या स्वस्त गोळ्या, दंडावर चिकटवायचे सेन्सर, आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं. सेन्सर आणि नवी औषधं अजून अनेकांना परवडत नाहीत, हे खरंय. पण मोठी अडचण वेगळीच आहे. मोठेपणी होणारा मधुमेह बहुतेकदा दुखत नाही, म्हणून आपण तो बरा झाला असं समजतो.

मामांची शुगर नॉर्मल दिसत होती ती गोळ्या चालू होत्या म्हणून! शिवाय सकाळचा आकडा म्हणजे एका क्षणाचा फोटो. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते.

‘मी तर बारीक आहे’ हा मामांचा दुसरा मुद्दा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं अभ्यासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. तरी आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. म्हणजे बारीक माणसालाही धोका आहेच.

मामांनी तपासणी केली. एचबीए१सी ८.४ आली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुढच्या तपासणीचा रिमाइंडर त्यांच्या फोनमध्ये मीच लावलाय. तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर आज तेवढं काम तुम्ही करा.