सूर्याची कड पाहणारे कावसजी नायगमवाला

जेऊर म्हटले की आपल्याला नगरजवळचे जेऊर आठवते. पण २२ जानेवारी १८९८ रोजी अमेरिकेचे आणि जपानचे खगोलशास्त्रज्ञ जेथे मुक्कामाला होते, ते जेऊर आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, करमाळा तालुक्यात आहे. त्या दिवशी तेथे खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. पुण्याचेही एक पथक आले होते. त्याचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ सालचा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, तेवढीच भर सरकारने घातली आणि १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

सूर्याची तबकडी सगळीकडे सारखी तेजस्वी नसते. येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी १८५२ साली रोममध्ये मोजून पाहिले, तेव्हा कडेची उष्णता मध्यभागाच्या जवळजवळ निम्मीच भरली. मध्यभागी आपली नजर खोलवरच्या तप्त थरापर्यंत पोहोचते. कडेला ती तिरकी जाते आणि वरच्या, त्या मानाने थंड थरातच थांबते. त्याही वर सूर्याचे विरळ आवरण असते. एरवी ते नुसत्या डोळ्यांना झगझगाटात दिसत नाही, खग्रास ग्रहणात उघडे पडते. कावसजींना त्याचेच वर्णपट टिपायचे होते.

पुण्यात १८९७ पासून प्लेगने थैमान घातले होते. तशा दिवसांत अवजड यंत्रे जेऊरला नेऊन त्यांनी तयारी केली, ती अवघ्या दोन मिनिटांच्या अंधारासाठी! त्या निरीक्षणांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

१९१२ साली कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. मोठी दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

दुर्बीण कामी आली, पण पुण्यातले ते काम एका माणसाबरोबरच थांबले. आपल्या गावातही अनेक चांगली कामे एकाच्याच खांद्यावर असतात. तो दमण्याआधीच त्याच्या शेजारी उभे राहायला शिकू या.