महाद्वारासमोरील चोखोबा

सोलापुराहून पंढरीस जाणारा व्यापारी नामदेवाच्या पायरीस हात लावून महाद्वारांत शिरतो. समोरच्या चोखोबांच्या समाधीकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. म्हणून हें चरित्र सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

चोखामेळा आपल्याच जिल्ह्यांतील मंगळवेढ्याचे, जातीनें महार. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, पुत्र कर्ममेळा हीं सर्वच अभंग रचणारीं. नामदेवांच्या सहवासांत त्यांस विठ्ठलाचा वेध लागला. परंतु देऊळ जन्मामुळें बंद. भिंतीबाहेर उभे राहूनच ते देवाशीं बोलत, आणि देव त्यांस तेथेंच भेटला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मग आंत जाण्याचें प्रयोजन काय, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षें होत असे. आमच्या मतें तें अन्यायावर घातलेलें भक्तीचें पांघरूण होय. विटाळाचा प्रश्न खुद्द चोखोबांनींच विचारला होता. कर्ममेळ्यानें तर देवासच जाब विचारला.

१३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळून ते मजुरांसह गाडले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या नामदेवांनीं उचलून आणिल्या, अशी कथा आहे. समाधि झाली ती महाद्वाराबाहेरच.

तें दार अस्पृश्यांस उघडावें म्हणून मे १९४७ मध्यें, म्हणजे सहाशें नऊ वर्षांनीं, साने गुरुजींस पंढरपुरांत प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. पुढील वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यांच्या उगमावरील आपला ग्रंथ ज्या तीन संतांस अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत.