शेठ जमनालाल बजाज

शेठ जमनालाल बजाज यांचें नांव ऐकलें नाहीं असा आमच्या वर्धा जिल्ह्यांतील विद्यार्थी विरळा. परंतु ते जन्मानें वर्ध्याचे नव्हते. १८८९ सालीं राजस्थानांत सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यांत, साध्या घरीं त्यांचा जन्म झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनीं त्यांस बाळपणींच नातू म्हणून दत्तक घेतलें. मुलाबद्दल पैसा घेणें जन्मदात्या पित्यास रुचेना. तेव्हां बच्छराजांनीं त्या गांवाला विहीर बांधून दिली.

सतराव्या वर्षीं, एका लग्नास जातांना, जमनालालांनीं जडजवाहीर घालण्याचें नाकारलें. आजोबा संतापून नाहीं नाहीं तें बोलले. मुलानें संपत्तीवरील सर्व हक्क सोडल्याचें पत्र लिहिलें आणि तो घराबाहेर पडला. आजोबांच्या मायेखातर तो परतला खरा. पण तें धन त्यानें पुन्हां कधीं आपलें मानलें नाहीं.

लोक त्यांच्या लाखांच्या देणग्या मोजतात. आम्हांस मात्र, पोरवयांत रोजच्या हातखर्चाचा रुपया सांठवून टिळकांच्या हिंदी केसरीस दिलेले शंभर रुपये अधिक मोलाचे वाटतात. विधवेच्या दोन टोल्यांची सर त्यांस येणार नाहीं, तरी जात तीच.

१९२८ सालीं त्यांनीं घराण्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बंधूंस खुलें केलें. सनातनी स्वकीय रुष्ट झाले. द्रव्य देण्याहून हें देणें अवघड होतें.

अखेरीस ते गोपुरी येथें झोपडींत राहून गाईंची सेवा करीत. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं ते वारले. आणि पत्नी जानकीदेवींनीं आपल्या वाट्याचें धन गोसेवेस देऊन टाकलें.