व्हिसा, निर्वासित आणि आठवणींचा पुरावा

घर, पद आणि देश हिरावला गेला, तरी माणसाजवळ आठवण उरते. ती लिहिली तर पुरावा ठरते. न लिहिली तर सोसणाऱ्याबरोबर मातीत जाते. आम्ही वकिली करतो, म्हणून पुराव्याची किंमत जाणतो. विली हास या ज्यू निर्वासित लेखकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो ते यासाठीच.

हास यांचा जन्म १८९१ चा, प्राग शहरातला. ते कायदा शिकले. काफ्का आणि मॅक्स ब्रॉड यांच्या साहित्यिक मंडळीत वावरले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात राहिले. १९२५ पासून बर्लिनमध्ये त्यांनी 'साहित्यविश्व' अशा अर्थाच्या नावाचे जर्मन साप्ताहिक चालवून नाव कमावले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि विद्वत्ता, सैन्यातील सेवा सारे व्यर्थ ठरले. पाहिला गेला तो फक्त जन्म! साप्ताहिक सोडून हास प्रागला परतले. १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मन ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. अन्याय रीतसर कायदा करूनही होतो, हे विसरता कामा नये.

मार्च १९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. हास मुंबईला आले आणि मोहन भवनानी यांच्या चित्रपटसंस्थेत पटकथा लिहू लागले. पुढे त्यांनी ब्रिटिशांच्या सैन्यात टपाल तपासण्याचे काम केले. त्याच काळात जर्मन पासपोर्ट असलेल्या अनेक ज्यूंना इंग्रज सरकारने शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले. हिटलरने हाकललेले आणि हिटलरचे भक्त एकाच कुंपणात! आमच्या सातारा जिल्ह्यातील खंडाळ्यापासून फार दूर नसलेल्या पुरंदर किल्ल्यावरही अशी छावणी होती.

युद्धानंतर हास जर्मनीला परतले आणि हॅम्बुर्गमध्ये पत्रकारिता करू लागले. १९५२ मध्ये त्यांनी काफ्काची मिलेनाला लिहिलेली पत्रे संपादित केली. १९५७ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याला नाव दिले गमावलेल्या साप्ताहिकाचेच. नाझींनी जे पुसले, ते त्यांनी पुन्हा लिहून ठेवले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्यू निर्वासित परदेशाच्या व्हिसासाठी दारोदार फिरले. बाबासाहेबांना तर स्वतःच्याच देशात, बडोदा संस्थानच्या नोकरीत असताना, राहायला घर मिळाले नाही. आपल्या आठवणींना त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. हास यांना परके ठरवले गेले तेव्हा देश सोडावा लागला. आमच्या आजोबा-पणजोबांना गावातच राहून परके व्हावे लागले.

१९५६ ची धम्मदीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. प्रत्येक वस्तीतील तरुणांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे. उद्या कोणी म्हणेल, असे काही घडलेच नाही. तेव्हा ती वहीच साक्षीला उभी राहील.